बाबांचं गुरुवारचं जेवण

माझा स्वभाव संशयी आहे. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण या प्रकरणात मी जे काही केलं ते त्या स्वभावापायीच केलं. दूधवाला 'आज एकदम ताजं आहे' म्हणाला की मी पातेलं उजेडात नेऊन बघते. कुणी विनाकारण गोड बोलायला लागलं की माझे कान टवकारतात. गेल्या महिन्यात माझ्या भाचीची मुलगी मला ग्वाल्हेरच्या थाटीपुरातल्या एका नव्या जागी घेऊन गेली. भिंतीवर काळा टेलिफोन, शिलाईच्या मशीनवर काच टाकून केलेली टेबलं, मंद पिवळे दिवे, आणि जेवायला काय, तर पितळी वाटीत वरण-भात नि वर तुपाची धार. पोरं जेवायच्या आधी ताटांचे फोटो काढत होती. 'मावशीआजी, बघ ना, एकदम तुमच्या जमान्यासारखं, है ना?' असं ती म्हणाली. मी मान डोलावली आणि इथलं स्वयंपाकघर नेमकं कुठे आहे, ते शोधायला लागले. मला उकडतंय असं वाटून तिनं पंखा वाढवायला सांगितलं.

असली जागा मी पहिल्यांदा बघत नव्हते, हे तिला काय सांगणार. आमच्या लश्कर भागात, मी सतरा वर्षांची असताना, असलं एक लाउंज निघालं होतं आणि त्यानं आमचं घर ढवळून काढलं होतं. तेव्हा या प्रकाराला कुणी काही नाव दिलेलं नव्हतं. आम्ही त्याला सरळ 'भानगड' म्हणायचो.

टोपी बाजारच्या मागच्या गल्लीत वरच्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या आणि एक स्वयंपाकघर होतं. खाली टोप्यांच्या व्यापाऱ्याचं गोदाम. खळीचा आणि नव्या कापडाचा वास जिन्यावरून थेट आमच्या अंथरुणांपर्यंत यायचा, आणि सकाळी आठपासून शिलाई मशिनींची घरघर सुरू व्हायची ती दिवेलागणीला थांबायची. घरातला आवाज म्हणजे बाबांचा. ते एका छापखान्यात मुद्रितं तपासत आणि उरलेलं काम घरी आणत. लग्नपत्रिका असो नाहीतर शाळेचं पुस्तक, ते मोठ्यानं वाचत आणि विरामचिन्हांसकट वाचत. 'आमच्या येथे श्रीकृपेकरून, स्वल्पविराम, चिरंजीव अमुक, स्वल्पविराम.' मी समोर मूळ कागद धरून बसायची. आमचे पणजोबा म्हणे दक्षिणेतून घोड्यावर बसून इथं आले होते, तलवार घेऊन. तलवारीचं पुढे काय झालं हे कुणाला माहीत नव्हतं. माझ्या लेखी बाबांचं हत्यार म्हणजे ती तांबडी पेन्सिल, आणि ती ते डाव्या हातानं चालवत.

त्यांच्या उजव्या हाताची तीन बोटं मी जन्मायच्या आधीच कागद कापायच्या यंत्राखाली गेली होती. म्हणून तर ते यंत्रावरून उठून मुद्रितांच्या टेबलावर आले. लिहायला डावा हात शिकला, पण जेवणाचं अवघड होतं. डाव्या हातानं जेवणाऱ्याकडे आपल्या पंगतीत लोक कसे बघतात ते मी वेगळं सांगायला नको. ग्वाल्हेरातल्या मराठी लग्नांना बाबा वेळेवर जात, अक्षता टाकत, यजमानांशी दोन शब्द बोलत आणि पानं मांडायला लागली की हळूच निघत. मी त्यांच्याबरोबर उपाशी परत यायची आणि मनातल्या मनात जिलबीसाठी रडायची. घरी आई आमटी गरम ठेवून वाट बघत असायची. बाहेर बाबा पाणीसुद्धा बेतानंच पीत.

घरी मात्र त्यांचं ताट वेगळं वाढलं जायचं. आपल्याकडे चटणी, कोशिंबीर, लिंबू डावीकडे, भाजी-आमटी उजवीकडे, हाताशी. बाबांना सगळं उलट. भाजी-आमटी डावीकडे, चटणी-कोशिंबीर उजवीकडे. ही युक्ती आईची नव्हती, ताईची होती. ती नऊ वर्षांची असताना बाबा भाजीसाठी ताटावरून हात आडवा नेतात आणि बाहीला आमटी लागते, हे तिनं बघितलं आणि एक दिवस कुणाला न विचारता सगळं फिरवून मांडलं. आपल्यात असं उलट वाढणं बरं नव्हे म्हणतात. पण त्या दिवशी बाबा एक पोळी जास्त जेवले, असं आई सांगायची. तेव्हापासून आमच्याकडे तसंच. हे आम्हा चौघांनाच ठाऊक होतं, कारण बाबा बाहेर जेवतच नव्हते.

आणि मग चौघांतली एक गेली. ताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. शहराच्या पलीकडच्या टोकाला असलेल्या मुरारच्या दिनेश नावाच्या हिंदी मुलाशी तिनं कोर्टात जाऊन लग्न केलं आणि दुसऱ्या दिवशी घरी सांगायला आली. बाबांनी हातातला कागद खाली ठेवला आणि म्हणाले, 'आजपासून या घरात हिचं नाव निघणार नाही. कुणी भेटायला जाणार नाही.' शेवटचं वाक्य आईकडे बघून होतं. आईनं ते तीन वर्षं पाळलं. कसं पाळलं ते मी बघत होते. भाजी आणायला म्हणून ती टेम्पो स्टँडपर्यंत जायची, मुरारचा टेम्पो माणसांनी भरेपर्यंत तिथं उभी राहायची, आणि तो सुटला की पिशवी घेऊन परत यायची. एकदा मी म्हटलं, 'आई, बस ना त्याच्यात. बाबांना कोण सांगणारे?' ती म्हणाली, 'मी सांगेन. मला लपवता नाही येत.' खरंच नव्हतं येत. मला तिचा राग यायचा आणि बाबांचा त्याहून जास्त.

तर अशा दिवसांत गल्लीच्या टोकाला, एका रिकाम्या गोदामाच्या वरती, 'दरबार लाउंज' निघालं. पाटीवर खाली लिहिलं होतं, 'जुन्या पद्धतीचे घरगुती पदार्थ.' मालक अण्णा जगदाळे. हे गृहस्थ मुरारला फौजी अधिकाऱ्यांच्या खाणावळीत आयुष्यभर वाढप्यांचे मुकादम होते, आणि निवृत्त होताना तिथल्या लिलावातून त्यांनी स्प्रिंगा वर आलेले सोफे, लांब दांड्याचे पंखे आणि एक ग्रामोफोन उचलला होता. बाहेर सगळे चाउमीन आणि डोशाच्या मागे लागलेले, आणि हे गृहस्थ असल्या सोफ्यावर बसवून लोकांना वरणफळं, लोण्याचा गोळा ठेवलेलं थालीपीठ, मुगाची खिचडी-कढी, पिठलं-भाकरी आणि गुळाचा शिरा खायला घालणार. घरी मिळतं तेच खायला कोण जाईल, हा गल्लीतल्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न. आणि लोक जायला लागले, तेव्हा दुसरा: मग आत दुसरं काय मिळतं?

संशयाला जागा होतीच. स्वयंपाकघराच्या दाराला जाड हिरवा पडदा होता आणि तो कधी बाजूला झालेला कुणी पाहिला नव्हता. स्वयंपाक कोण करतं, हे अण्णा सांगत नसत. मागच्या बाजूला दुसऱ्या गल्लीत उतरणारा एक लोखंडी जिना होता. आमच्या शेजारच्या पानसेकाकूंनी ठरवूनच टाकलं की पडद्यामागे बाटल्या आहेत. 'खिचडी तर दिखावा आहे हो वहिनी,' त्या आईला म्हणाल्या. 'फौजी लोकांत राहिलेला माणूस. त्याला काय, सस्त्यात मिळत असेल.' आई हसली होती. तेव्हा तिला हसता येत होतं, कारण गुरुवारचं अजून तिच्या लक्षात आलं नव्हतं.

गुरुवारी छापखाना बंद असे. बाबा अकराला अंघोळ करून दत्ताच्या देवळात जात आणि साडेबारापर्यंत जेवायला येत. लाउंज निघून दोन-तीन महिने झाले असतील, आणि ते दोन वाजता यायला लागले. आल्यावर म्हणत, 'मला भूक नाही. प्रसाद झाला.' पहिल्यांदा आईनं ताट झाकून ठेवलं. दुसऱ्यांदा मला म्हणाली, 'कसला प्रसाद हा, की पोटच भरतं?' तिसऱ्यांदा तिनं त्यांचा सदरा धुवायला घेण्याआधी नाकाला लावला, आणि मी ते पाहिलं. बाबा बडीशेप चघळत येत. बडीशेप माणूस कशासाठी खातो, हे आम्हा दोघींना पानसेकाकूंच्या यजमानांवरून चांगलं माहीत होतं. मी घरात पोलिसासारखी वागू लागले. ते खोटं बोलत होते एवढं नक्की, आणि जो माणूस एका स्वल्पविरामासाठी पानभर मजकूर परत जुळवायला लावतो, तो घरी येऊन खोटं बोलतो याची मला चीड आली.

मग एक दिवस पानसेकाकू दारातच उभ्या राहिल्या. 'वहिनी, बुरा मानू नका, पण तुमच्या ह्यांना मी आज दरबारच्या जिन्यावर बघितलं. मी तर म्हटलं कुणी दुसरं असेल. पण हात पाहिला ना.'

आईनं त्यांना चहा दिला, सावकाश निरोप दिला आणि दार लावल्यावर खाली बसली. 'काय चालू आहे ह्यांचं, मला काही समजून नाही राहिलं,' ती म्हणाली. 'एक लेक गेली. आता हेही असे जाणार का?' मग माझ्याकडे बघून म्हणाली, 'पुढच्या गुरुवारी तू जा. बघ फक्त. बोलू नको.'

संशयी माणसाला असं काम मिळालं की कसं वाटतं ते कबूल करते. मला आनंद झाला. महाराष्ट्र मंडळाच्या स्नेहसंमेलनाची पत्रिका अण्णांना द्यायची, असं निमित्त मी काढलं, आणि त्या गुरुवारी एक वाजता दरबारचा जिना चढले. आत पंखे हळूहळू फिरत होते, ग्रामोफोनवर कुणी तरी सतार वाजवत होतं, आणि सगळीकडे तुपात तडतडलेल्या जिऱ्याचा वास होता. दहा-बारा माणसं. बाटली एकही नाही. खिडकीजवळच्या सोफ्यावर माझ्याकडे पाठ करून बाबा बसले होते आणि जेवत होते. डाव्या हातानं, चारचौघांत, मान वर करून, सावकाश. मला दारूची बाटली दिसली असती तरी एवढा धक्का बसला नसता. मी अण्णांच्या गल्ल्याआड सरकले, आणि तिथून मला त्यांचं ताट दिसलं. भाजी-आमटी डावीकडे. चटणी-कोशिंबीर उजवीकडे. बाकीच्या टेबलांवर पाहिलं, सगळी ताटं सरळ होती.

रामसेवक नावाचा पिकल्या मिशांचा वाढपी पाणी घेऊन चालला होता. त्याला मी गाठलं. 'भैया, उन साहब की थाली उलटी क्यों है?' मी विचारलं. तो म्हणाला, 'अंदर बहूजी लगाती हैं, बिटिया. पहले दिन साहब आए तो उन्होंने परदे की दरार से देखा. बोलीं, रुको, ये थाली मैं फिर से लगाती हूँ.' 'और साहब?' 'साहब थाली देखते रहे. बड़ी देर हाथ नहीं लगाया. मैंने सोचा नाराज़ हो गए. फिर खा ली. तब से हर गुरुवार.'

पडद्याआड कोण आहे हे आता विचारायची गरज नव्हती. मी पत्रिका तशीच हातात घेऊन जिना उतरले. उतरताना मला एकाच वेळी हसू नि रडू येत होतं. ताई इथं होती. रोज मुरारहून टेम्पोनं येत होती, मागच्या जिन्यानं चढत होती, आमच्या घरापासून शंभर पावलांवर आमच्या आईची आमटी करत होती. अण्णांनी मुरारच्या ओळखीतून तिला घेतलं होतं, हे पुढे कळलं. आमचे बाबा पहिल्यांदा तिथं का गेले, हे मात्र कधीच कळलं नाही. ते नेहमी म्हणत की अण्णांनी फार आग्रह केला. यावर माझा आजही विश्वास नाही.

मी घरी आले तेव्हा आई शेंगदाणे भाजत होती. वाटेत मी ठरवलं होतं की फक्त 'दारू नाही' एवढंच सांगायचं. ज्या गोष्टीवर आपोआप पडदा पडलाय तो कशाला ओढायचा, एवढी अक्कल मला सतराव्या वर्षीही होती. पण आईनं मान वर करून 'काय?' विचारलं आणि मी सगळं सांगून टाकलं. ताटाचंही सांगितलं. मला वाटलं ती आनंदानं रडेल.

तिनं गॅस बंद केला. शेंगदाणे ताटलीत काढले, पसरले, त्यातला एक जळका वेचून बाजूला ठेवला. 'म्हणजे मला मनाई,' ती म्हणाली, 'आणि हे जेवून येतात.' मी म्हटलं, 'आई, त्यांना कदाचित माहीत नसेल कोण वाढतं ते.' 'चुप बस,' ती म्हणाली. 'त्यांना त्या ताटावरून कळलं नसेल, तर त्या पोरीनं ते कुणासाठी फिरवलं?' तिचा आवाज चढला नाही. मला तिची भीती वाटली, आणि बाबांची काळजी. माझ्या तोंडामुळे आता काय होणार ते मला दिसत होतं. बाबांना कळलं की आम्हाला कळलंय, तर ते दरबारची पायरी परत चढणार नाहीत. न बोलता चाललं होतं म्हणून चाललं होतं. ताईला आठवड्यातून एकदा वडील दिसत होते, पडद्याच्या फटीतून का होईना, आणि ते मी मोडलं होतं.

आठवडाभर आई बाबांशी नेहमीसारखीच वागली. माझाच जीव वरखाली होत होता. गुरुवारी बाबा अकराला बाहेर पडले. बाराला आईनं अंबाडा घातला, लग्नाकार्याची निळी साडी नेसली, आणि म्हणाली, 'चल.' मी विचारलं, 'कुठे?' ती जिना उतरायला लागली. गल्लीतून ती ताठ मानेनं चालली. पानसेकाकू गच्चीवरून वाकून बघत होत्या. त्यांना आईनं हात केला.

बाबांचं ताट नुकतंच येऊन पडलं होतं. पहिला घास अजून हातातच होता. आई त्यांच्या समोर जाऊन उभी राहिली. त्यांनी वर बघितलं, आणि त्यांचा चेहरा असा काही उतरला की माझा सगळा राग तिथंच गेला. मला ते एकदम म्हातारे दिसले. आई म्हणाली, 'मी तीन वर्षं टेम्पो स्टँडवर उभी राहिली. तुम्हाला जेवायचं होतं, मला नुसतं बघायचं होतं. सांगितलं असतं तर मी तुमच्याबरोबर आली असती.' बाबा म्हणाले, 'मला स्टँडचं ठाऊक नव्हतं.' आई म्हणाली, 'बरं.' आणि ती वळली, टेबलांमधून सरळ चालत गेली आणि हिरवा पडदा बाजूला करून आत गेली. तिला अडवायला अण्णा जागेवरून उठले आणि परत बसले.

आतून भांडं ठेवल्याचा आवाज आला, मग कुणी तरी नाक शिंकरल्याचा. लोक जेवता जेवता थांबून बघत होते. मी बाबांच्या समोरच्या सोफ्यावर बसले. त्यांनी घास ताटात परत ठेवला होता आणि डावा हात तसाच, बोटं भातानं माखलेली, ताटाच्या कडेवर धरला होता. 'तू सांगितलंस?' त्यांनी विचारलं. 'हो,' मी म्हटलं. मला वाटलं आता उठतील. हात धुतील, पैसे ठेवतील, जिना उतरतील, आणि पुन्हा कधी हा विषय निघणार नाही. त्यांनी एकदा दाराकडे बघितलंही. मी देवाची फारशी नव्हते, पण त्या वेळी मी मनात म्हणत होते की यांना बसू दे, यांना इथंच बसू दे.

बाबांनी आमटीची वाटी उचलली, एक घोट घेतला आणि खाली ठेवली. बराच वेळ वाटीकडेच बघत राहिले. मुद्रितात चूक सापडली की ते असेच थांबायचे. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, 'आत जाऊन सांग, आमटीत मीठ कमी आहे.'

मी उठले. आणि स्वभावाला औषध नाही, म्हणून जाता जाता त्यांच्या वाटीत बोट बुडवून चाखून पाहिलं. मीठ बरोबर होतं. अगदी बेताचं, आमच्या घरी असतं तेवढंच.

पडद्यामागे आई पाटावर बसली होती आणि ताई तिच्या समोर जमिनीवर, तिचे दोन्ही हात हातात धरून. ताई थोडी जाड झाली होती आणि तिच्या मनगटावर भाजल्याचे दोन डाग होते. मला बघून ती हसली, मग रडली, मग पुन्हा हसली. मी म्हटलं, 'बाबा म्हणतात, आमटीत मीठ कमी आहे.'

ताईनं आईकडे पाहिलं. आई म्हणाली, 'जा.'

ताईनं पदरानं तोंड पुसलं, फळीवरची मिठाची वाटी घेतली, आणि ती बाहेर आली. मी तिच्या मागे होते. बाबांनी मान वर केली नाही, पण आमटीची वाटी उचलून त्यांनी तिच्यापुढे धरली. तिनं चिमटीत मीठ घेतलं. तिचा हात वाटीवर आला आणि तिथंच थांबला.

'थोडंच घाल,' बाबा म्हणाले.